बिनकाजांचा सदरा

“चार पाऊण तीन,” एसटीतून उतरता उतरता मी आईला म्हणालो. “तीनाक भरती पुरी. म्हणजे बारापर्यंत खडपां उघडी. साडेअकराक परत फिरायचा म्हणजे फिरायचा. कळला?”

“कळला,” आई म्हणाली आणि पायातल्या वहाणा काढून तिने पिशवीत घातल्या. लांब चालायचं असलं की ती आधी वहाणा काढायची.

आमच्या किनाऱ्यावर भरतीचा हिशेब असाच करतात. तिथीचा आकडा घ्यायचा, त्याची पाऊणपट करायची, निघेल तो भरतीचा तास. त्या दिवशी आईची संकष्टी होती, म्हणजे चतुर्थी. मी शिंप्याचा मुलगा, होडीत पाय ठेवला की पोट ढवळणारा, पण हा हिशेब मला तोंडपाठ येतो याचा मला फार अभिमान होता.

एसटी खाजणवाडीला संपते. तिथून सड्यावर चढायचं, उघड्या कातळावरून तासभर चालायचं, मग एका घळीतून खाली उतरून डोंगराच्या पायथ्याची काळी खडपं ओलांडायची. पलीकडे उंडीची पुळण, वाळूची एक पट्टी. ना रस्ता, ना घर. मासेमारीला गेलेल्या होड्या कधीमधी गोड्या पाण्यासाठी तिथे थांबतात, तेवढंच. खडपं ओहोटीलाच उघडी पडतात. एकदा पाणी चढलं की पुळणीवरचा माणूस पुढच्या ओहोटीपर्यंत पुळणीवरच. आणि मला संध्याकाळी सहाच्या आत बाजारातल्या छापखान्यात हजर व्हायचं होतं.

माझ्या खिशात माझ्याच लग्नपत्रिकेचा कच्चा छाप होता. ‘पुंडलिक बाबाजी हिर्लेकर यांचे चिरंजीव दिगंबर’ असं सगळं जागच्या जागी जुळवलेलं, फक्त बाबांच्या नावाआधी छापखानेवाल्याने पेन्सिलीने एक गोल काढून ठेवला होता. त्या गोलात ‘श्री.’ बसवायचं की ‘कै.’, तेवढं आमच्या घरातून ठरून यायचं होतं.

बाबा बारा वर्षांपूर्वी एका चैत्रात दोऱ्याची रिळं आणायला म्हणून कुडाळला गेले आणि परत आलेच नाहीत. भांडण नाही, आजार नाही, कुणाचं वाकडं बोलणं नाही. मशीनवर एक पांढरा सदरा अर्धवट होता, स्वतःसाठीच शिवत होते. बाह्या लागल्या होत्या, कॉलर लागली होती, फक्त काजं राहिली होती. मी तेव्हा चौदा वर्षांचा होतो. काकांनी पणजीपासून कोल्हापूरपर्यंत शोध घेतला. मग आई मशीनवर बसली आणि त्याच मशीनवर तिने मला मोठं केलं. पण त्या सदऱ्याला तिने हात लावला नाही. गावाच्या हजारो सदऱ्यांची काजं तिने केली असतील, तो एक तेवढा तसाच घडी घालून ट्रंकेत ठेवला.

बारा वर्षं वाट पाहायची आणि मग पळसाच्या पानांचा माणूस करून त्याला अग्नी द्यायचा, अशी रीत. बारा वर्षं चैत्रात पुरी होत होती, माझं लग्न वैशाखात होतं. काकांनी भटजींना सांगून ठेवलं होतं. माझे होणारे सासरे आरोंदेकर म्हणजे अगदी सरळ माणूस. ते म्हणाले होते, “हे बघा, मांडवात विहीणबाईंनी कुठे बसायचं, ओटी कुणी भरायची, हे सगळं त्यावर अवलंबून. तुम्ही काय ते एकदा ठरवा. पत्रिकेत श्री. छापतात नाही तर कै. छापतात. मधलं काही छापत नाहीत हो.”

आईने काकांना होकारही दिला नव्हता आणि नकारही. आणि अशातच पास्कू आला.

पास्कू मासेमारीवाला, पँटची चेन बदलायला दुकानात आला होता. त्याच्या खांद्याला शिडाच्या कापडाची पिशवी होती आणि पिशवीच्या तळाला एक ठिगळ. आईने पँट बाजूला ठेवली आणि पिशवी मागून घेतली. उलटी केली, सुलटी केली, ठिगळाच्या कोपऱ्यावरून अंगठा फिरवला.

“ह्यां कोणी शिवला?”

“उंडीच्या पुळणीर एक बाबा रवता गो. आमची शिडां शिवता. धा-बारा वर्सां झाली.”

आमच्या बाबांची एक खोड होती. कोपऱ्यावर आले की ते तीन टाके उलटे घालायचे. कोणी न बघो, घालायचे. आईने मला तो कोपरा दाखवला. मी म्हणालो, असे टाके कोणीही घालील. आई म्हणाली, “शिकवल्याबिगर कोण घालीत नाय.” पंधरा दिवसांनी म्हणाली, “बुधवारी माका थंय ने.”

म्हणून हा बुधवार.

सड्यावर आठ वाजताच कातळ तापायला लागला होता. फाल्गुनातलं ऊन, झाड म्हणून नाही. मी पुढे, आई मागे. मी त्या वयात भयंकर घाईतला माणूस होतो. पन्नास पावलं पुढे जायचो, थांबायचो, घड्याळ बघायचो, परत चार पावलं मागे यायचो.

“आये, वायच पाय उचल.”

“चलतंय मरे. तू असो पुढे-मागे करतस, तुझी वाट दुप्पट होता. माझी एकपटच आसा.”

तिच्या पिशवीत नारळ होता, शेरभर तांदूळ होते आणि तो सदरा होता. सदरा का, असं मी एसटीतच विचारलं होतं. “बाबा-बैराग्याकडे रिकाम्या हातान जाव नये,” असं उत्तर मिळालं. तिच्या डाव्या खांद्यावर, पदराला, पांढरा दोरा ओवलेली सुई टोचलेली होती. त्यात मला काही वेगळं वाटलं नाही. आईच्या खांद्यावर सुई कायमच असायची. देवळात जातानाही ती काढायला विसरायची.

मध्येच तिने मला हाक मारली. मला वाटलं, काटा मोडला.

“दिगू, माझा कुकू सारख्या आसा?”

घामाने कुंकवाचा एक ओघळ नाकापर्यंत आला होता. मी माझ्या रुमालाने तो पुसला आणि वर बोटाने नीट केलं. माझा हात आईच्या कपाळाला लागण्याची ती पहिलीच वेळ असावी. मला एकदम अवघडल्यासारखं झालं आणि मी नको ते विचारलं.

“आये, तो तोच असलो तर?”

“तर काय?”

“तर काय करतलंस?”

“तू काय करतलस?”

“मी श्री. छापूक सांगतलंय,” मी म्हणालो.

खोटं बोललो. मला ‘कै.’ हवं होतं. आज सांगायला काही वाटत नाही, आई जाऊन नऊ वर्षं झाली, आरोंदेकरही गेले. मला बाप मेलेलाच हवा होता. मेलेल्या बापाचं कुणाला काही सांगावं लागत नाही. हा पुळणीवर झोपडीत राहणारा, दाढी वाढवलेला माणूस मांडवात आणून बसवायचा, तो बारा वर्षं का आला नाही हे सासऱ्यांना सांगायचं, होणाऱ्या बायकोला, उर्मिलेला सांगायचं, आणि ते का हे मलाच ठाऊक नाही! शिवाय मला राग होता. चौदाव्या वर्षी मी तीन आठवडे रोज संध्याकाळी एसटी स्टँडवर जाऊन उभा राहायचो. कंडक्टर मला ओळखायला लागला होता. शेवटी शेवटी तो दार उघडायच्या आधीच खिडकीतून मान हलवून नाही म्हणायचा.

घळीतून आम्ही बसून, घसरत, मुळं धरून उतरलो. आई माझ्यापेक्षा चांगली उतरली. खाली पाणी पार ओसरलं होतं आणि खडपं लांबवर उघडी होती. शेवाळावरून जपून पाय टाकत आम्ही डोंगराच्या नाकाला वळसा घातला तेव्हा साडेनऊ झाले होते.

पुळण फार मोठी नव्हती. पांढरी वाळू, मागे उंडीची जुनी झाडं, त्यांच्या सावलीत झापांची एक बुटकी झोपडी आणि चुलीचा धूर. झाडाखाली एक माणूस आमच्याकडे पाठ करून बसला होता. कमरेला पंचा, वर उघडा. मांडीवर तपकिरी शीड पसरलेलं.

आई थांबली. मीही थांबलो.

“तू हंयच थांब,” ती म्हणाली.

“कित्या?”

“भरती बघ. तुकाच तो हिशेब येता.”

असं म्हणून तिने पिशवीतल्या वहाणा काढून माझ्याजवळ ठेवल्या, पदर सारखा केला आणि पिशवी घेऊन निघाली. मी तिला थांबवलं नाही. बरंच वाटलं मला.

मी खडपाच्या टोकाला बसलो. ते दोघे माझ्यापासून दोनशे पावलांवर असतील. आई त्याच्या मागे जाऊन उभी राहिली. त्या माणसाने मान वर केली, पण तो उठला नाही. आई किती वेळ उभी होती कोण जाणे. मग ती खाली बसली. समोर नाही बसली, उजव्या बाजूला, थोडी मागे बसली.

दुकानात ती तशीच बसायची. बाबा मशीनवर आणि ती उजव्या बाजूला, थोडी मागे, हातशिलाई घेऊन. मी मान फिरवली आणि समुद्राकडे बघायला लागलो.

वेळ जाता जात नव्हता. मी पत्रिका काढून वाचली. वेळ, मुहूर्त, स्थळ. अकरा मिनिटांनी परत काढून वाचली. उठलो, खडपावर फेऱ्या मारल्या, एक खेकडा कपारीत घालवला, परत बसलो. चोरून बघितलं तर तो माणूस मान खाली घालून काहीतरी शिवत होता आणि आई नुसती बसली होती. बोलत असतील-नसतील, इतक्या लांबून काय कळणार! शीड बाजूला पडलं होतं. मांडीवर काहीतरी पांढरं होतं. त्याचा उजवा खांदा डाव्यापेक्षा खाली होता. वर्षानुवर्षं मशीनचं चाक फिरवणाऱ्याचा असा होतो. माझ्याही आईचा झाला होता. चेहरा मला दिसत नव्हता, आणि तो दिसेल इतका जवळ मी गेलो नाही.

पावणेअकराला पहिल्या दोन खडपांमधल्या खोबणीत पाणी शिरलं.

मी घड्याळ कानाला लावलं, चालू होतं. म्हटलं, एखादी मोठी लाट असेल. मग दुसरी आली, तिसरी आली आणि पाणी खोबणीतून परत जाईना. बाराला अजून सव्वा तास होता. मी मनात परत पाढा म्हटला. चार पाऊण तीन. पाढा बरोबर होता.

मग एकदम डोक्यात उजेड पडला. संकष्टी धरतात चंद्रोदयाच्या चतुर्थीला. चतुर्थी लागणार होती दुपारनंतर. सकाळची तिथी अजून तृतीयाच होती! तीन पाऊण सव्वादोन. आईच्या उपासावरून मी समुद्राचा हिशेब केला होता आणि पाऊण तास घालवून बसलो होतो.

“आये!” मी ओरडलो. “चल! पाणी भरता!”

आईने मागे न बघता हात वर केला. थांब.

“आये, रात्रीपर्यंत अडकतलंव! चल!”

पुन्हा हात. थांब.

दोनशे पावलं. धावत गेलो असतो तर मिनिटात पोचलो असतो, हाताला धरून आणली असती. पण तिथे जायचं म्हणजे त्या माणसासमोर उभं राहायचं. मी जागेवरूनच ओरडत राहिलो, घसा बसेपर्यंत. आणि तेव्हा त्या माणसाने मान वर करून माझ्याकडे बघितलं. उन्हाला आड म्हणून हात कपाळाला लावून बघितलं, चांगलं नीट बघितलं.

मी खाली वाकलो आणि चपलेचा अंगठा घट्ट करायला लागलो. तो घट्टच होता.

मान वर केली तेव्हा आई येत होती. पळत नव्हती, नेहमीच्या चालीने येत होती. पिशवीतला नारळ गेला होता, तांदूळ गेले होते.

“ते न्हय,” ती म्हणाली.

“काय?”

“ते न्हय. दुसरोच कोणतरी आसा. चल आता.”

इतका हलका झालो की मला तिथल्या तिथे हसू आलं असतं. आणि पाठोपाठ त्या हलकं होण्याचीच लाज वाटली.

पण लाज वाटून घ्यायलाही सवड नव्हती. खडपांची खालची रांग बुडाली होती. वरच्या रांगेवरून जाताना पाणी गुडघ्याला, मग मांडीला लागलं. मी आईचा दंड धरला होता. मधल्या खोबणीत उतरल्याशिवाय गत्यंतर नव्हतं, आणि तिथे पाणी आईच्या कमरेला आलं.

“पिशवी दी,” मी म्हणालो आणि ती डोक्यावर घेतली. तेवढ्यात आठवलं, खिशात पत्रिकेचा छाप आहे. भिजला तर छापखानेवाला मला सोलून काढील. एका हाताने तो खिशातून काढून मी पिशवीत, सदऱ्याच्या घडीत खुपसला.

बोटं सदऱ्याच्या पट्टीला लागली.

शिंप्याच्या घरात वाढलेल्या माणसाला काज बघावं लागत नाही. बोटांना कळतं. मी पट्टीवरून बोट खाली नेलं. एक. त्याखाली दुसरं. त्याखाली तिसरं. कडा घट्ट, भरलेल्या, दोन्ही टोकांना गाठ. दोरा अजून ताठ होता, कपड्यात मुरला नव्हता. एसटीत बसताना या सदऱ्याला एकही काज नव्हतं.

मी तिथेच उभा राहिलो. लाट आली, माझ्या पोटापर्यंत चढली, उतरली.

आईने वळून माझ्याकडे बघितलं. माझा हात पिशवीत होता, तो तिला दिसला.

“चल,” ती म्हणाली. “पाणी भरता.”

आणि मी चाललो.

घळ चढून सड्यावर आलो तेव्हा दोघेही कमरेपर्यंत भिजलेले होतो. कातळ इतका तापला होता की ओली पावलं उमटायची आणि मागे वळून बघेपर्यंत वाळून जायची. आता आई पुढे होती आणि मी मागे. तिच्या खांद्यावर सुई नव्हती.

“तुझी सुई पडली,” मी म्हणालो.

“पडली असतली.”

पुष्कळ चालल्यावर मी विचारलं, “इतक्या वेळ काय बोलत होतंस?”

“काय बोलतलंय? तहान लागलेली. शहाळां दिल्यान. चुलीर पेज होती, पण माका शहाळांच दिल्यान.”

आज तिचा उपास आहे हे त्याला कसं कळलं, असं मी विचारलं नाही. संकष्टी आई लग्नाच्या आधीपासून धरायची.

“बरो आसा,” आणखी थोड्या वेळाने ती आपणहून म्हणाली. “दिसता बरो. खोकलो नाय. तुझ्या बाबांका होतो तो खोकलो तेका नाय.”

“आये...”

“घर खंयचा, म्हणान इचारलंय तेका. म्हणालो, घर नाय. दोनदा इचारलंय. दोनदा तसाच म्हणालो. मगे ज्येका घर नाय, तो आमचो कसो?”

खरं म्हणजे यावर बोलायला एक वाक्य पुरलं असतं. मी परत जातो, मी विचारतो, माझ्याशी बोलूदे. पाणी उतरेपर्यंत थांबलो असतो, पत्रिका चार दिवस उशिरा छापली असती, काही बुडत नव्हतं. हे सगळं मला त्याच वेळी सुचलं होतं, नंतर नाही. सुचलं आणि मी तसाच चालत राहिलो, कारण आई माझ्या मनातलंच बोलत होती.

स्टॉपवर पोचलो तेव्हा एसटी लागलेली होती. मी पिशवीतून छाप काढला. एक कोपरा भिजला होता, पेन्सिलीचा गोल तेवढा शाबूत होता.

“मगे कै. छापू?” मी विचारलं.

आई खिडकीशी बसली होती. तिने माझ्याकडे न बघता मान हलवली.

“छाप,” म्हणाली.

चैत्र लागल्यावर नदीकाठी पळसाच्या पानांचा माणूस केला. भटजींनी पानांचे हात केले, पाय केले, डोक्याच्या जागी नारळ ठेवला. काका, चुलते, शेजारी असे पंधराएक जण होतो. माझं डोकं भादरलेलं, लग्नाला महिनाभर असल्याने केस येतील की नाही ही काळजी मला तिथेही होती. वर घालायला पांढरं कापड काढलं, तेव्हा काका पुढे झाले आणि त्यांनी पिशवीतून सदरा काढला.

“वहिनीन दिल्यान. म्हणता, त्येंचोच आसा, तोच घाला.”

सदऱ्याला बटणंही लागली होती. भटजींनी तो पानांच्या अंगावर घातला आणि मला म्हणाले, “बटणं लाव. मुलानेच लावायची.”

मी गुडघ्यांवर बसलो. काजं नवी असली की घट्ट असतात, बटण सहज जात नाही, अंगठ्याने रेटावं लागतं. मी एकेक बटण रेटत होतो. शेजारी वाकलेल्या एका म्हाताऱ्या चुलत्याने काजावर बोट ठेवलं आणि डोळ्यांना पाणी आणून म्हणाला, “बघा रे, कसलो हात होतो! बारा वर्सां झाली, दोरो अजून काल घातल्यासारखो.”

सहाच्या सहा बटणं लावली. सगळ्यात खालच्या काजाच्या टोकाला तीन टाके उलटे होते. काजाला त्यांची काहीच गरज नसते. मग उठलो, आणि अग्नी दिला.

घरी आलो तेव्हा आईने कुंकू पुसलेलं होतं. कुणाला पुसू दिलं नाही, आपलं आपणच पुसलं, असं काकी म्हणाली. लग्न थाटात झालं. पत्रिका सुरेख छापली होती, सगळ्यांनी नावाजली.

त्या पुळणीचं नाव आमच्या घरात पुन्हा निघालं नाही. पास्कू दुकानात यायचा, उसवलेलं शिवून घेऊन जायचा. तो असेपर्यंत आई मान वर करायची नाही आणि मी काहीतरी कारण काढून बाहेर जायचो. कधी कधी नुसती फाटकी लुंगी आणायचा, तर आई त्याच्याकडून पैसे घ्यायची नाही. असं चार वर्षं चाललं.

चौथ्या वर्षी पौषात एका दुपारी तो आला. हातात शिवायचं काही नव्हतं. दारातच उभा राहून म्हणाला, “काकी, तो उंडीखालचो बाबा गेलो. परवा सकाळी. आमीच थंय माती दिली. तुमी कधीतरी इचारल्यात म्हणान सांगूक इलंय.”

आईच्या पायाखाली मशीन चालू होतं. तिने ते थांबवलं नाही. कुणाच्या तरी परकराची लांब टीप होती, ती शेवटपर्यंत नेली. कोपऱ्यावर कापड फिरवलं, दोरा दाताने तोडला. मग उठून मागच्या दारी न्हाणीत गेली. मी पास्कूला बसायला सांगितलं, पण तो बसला नाही. मागून पाण्याचा आवाज आला, तांब्यामागून तांब्या.

ती ओल्या केसांनी बाहेर आली तेव्हा उर्मिला धाकट्याला कडेवर घेऊन दारात उभी होती. “अगोबाई, सासूबाई, भर दुपारी डोक्यावरून? आणि ह्या थंडीत?”

“उकडता,” आई म्हणाली.

मी दुकानाची फळी लावली, खांद्यावर पंचा टाकला आणि न्हाणीत गेलो. पाणी गार होतं. पहिला तांब्या डोक्यावर घेतला तेव्हा बाहेर उर्मिला आईला विचारत होती, “आणि ह्यांना काय झालं?”



“तेकाव उकडता,” आई म्हणाली. “न्हावंदे तेका.”